तेरदाळे सरांची अनियमित आकाशगंगा

खैरवडात प्रत्येक घराच्या छतावर एक आकाशगंगा असते, आणि तेरदाळे सरांच्या छतावरची अनियमित होती.

बाहेरगावच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं. पण खैरवडात राहायचं तर हे कळायला हवं. घराचा स्लॅब टाकला की गवंडी त्यावर मातीचे वाफे करून पाणी कोंडतात. त्या कोंडलेल्या पाण्यात एखाद्या संध्याकाळी ती पहिल्यांदा दिसते, दूध सांडल्यासारखी. पाणी सोडून दिलं की ती माणसाच्या डोक्यावर हातभर उंच जाऊन थांबते आणि त्या घराची होते. दिवसा दिसत नाही, दिवेलागणीला येते. वाढत वाढत सतरंजीएवढी होते, आणि मोठ्या घरांवर तर मांडवाएवढी.

त्यात प्रकार आहेत. सगळ्यात मान सर्पिल आकाशगंगेला. मधे टपोरा गाभा, त्यातून निघालेल्या दोन भुजा, आणि सगळं कसं एका वळणात वळलेलं. सर्पिल आकाशगंगेच्या घरचा माणूस दुकानात आला की दुकानदार स्टूल पुढे करतो. दंडसर्पिल म्हणजे गाभ्यातून आडवा दांडा गेलेली. ती बहुतेक सरकारी नोकरांकडे असते, का ते कुणी विचारलेलं नाही. जुन्या, बड्या घरांवर लंबगोल. ती तांबूस, जाडजूड आणि शांत असते. तिच्यात नवा तारा जन्मत नाही, पण म्हातारे तारे एवढे की त्याबद्दल ब्र काढायची कुणाची टाप नाही. भिंगाकार म्हणजे जिच्या भुजा विरून गेल्या आणि नुसती तबकडी उरली ती. 'आमची पूर्वी सर्पिलच होती हो,' असं तिचे मालक सांगतात आणि ऐकणाऱ्याने मान डोलवायची असते. आणि या कशातच न बसणारी ती अनियमित. तिच्याविषयी तिचे मालक काहीच सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट म्हणजे छतावरचा शब्द. कोर्टकचेरीत स्टँपपेपर लागत असेल, छतावर लागत नाही. परक्या माणसाने छतावर उभं राहून 'ही कुणाची?' असं विचारलं आणि कुणी घरच्या माणसाने उत्तर दिलं, की ते पक्कं. मागाहून जीभ चावून उपयोग नाही. ही रीत कुणी घातली माहीत नाही, पण आकाशगंगा ती पाळतात, त्यामुळे माणसांना पाळावीच लागते.

रघुनाथ तेरदाळे हे खैरवड विद्यालयात चित्रकला शिकवत. अख्खं आयुष्य त्यांनी पोरांकडून संकल्पचित्रं काढून घेतली. कागदाची घडी घाला, डावीकडे कैरी काढली तर उजवीकडे तशीच कैरी आली पाहिजे, वेल इकडे वळली तर तिकडेही तेवढीच वळली पाहिजे. एखाद्याची कैरी तसूभर मोठी झाली तरी सर तो कागद दोन बोटांत धरून वर्गाला दाखवत. आणि अशा माणसाच्या छतावर काय, तर एका बाजूला ताऱ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चार चुकार ठिपके, आणि गाभा असायला हवा तिथे नुसती मोकळी जागा. उशी फाटून कापूस बाहेर यावा तशी ती दिसायची. त्यांच्या मुलीने, वैजूने, लहानपणी तिचं नाव भुरी ठेवलं होतं. सर तिला नावाने हाक मारत नसत.

खरं म्हणजे यात भुरीचा काही दोष नव्हता. शेजारी सुमनकाकू बेडग्यांची पिठाची गिरणी. खाली गिरणी, वर राहायची खोली, त्यावर छत. काकूंचे यजमान गेले तेव्हा त्यांच्या छतावर छान नीटस सर्पिल होती. दिवसकार्याला आलेल्या पाहुण्याने वर जाऊन विचारलं, ही कुणाची. काकू तोंडात पदर धरून बसलेल्या. पलीकडच्या तिमजली घरातले त्यांचे दीर पटकन म्हणाले, 'ही आमचीच.' झालं. दिरांची आकाशगंगा आणि काकूंची एकमेकींत शिरल्या, बरेच दिवस वर नुसती घुसळण चालली होती, आणि शेवटी दिरांच्या छतावर एक भली मोठी लंबगोल तयार झाली. काकूंचं छत रिकामं पडलं. नेमकं तेव्हाच तेरदाळ्यांच्या नव्या स्लॅबवरचं पाणी सोडलं होतं. भुरी अगदी कोवळी. पलीकडच्या ओढाताणीत ती जी विस्कटली ती विस्कटलीच.

हे सरांना माहीत होतं. पण माहीत असून लाज कमी होत नाही. गल्लीतली वीज गेली आणि सगळे हवेला छतावर गेले की सर मेणबत्ती घेऊन खाली बसत. शाळेतलं कुणी घरी आलं की जिन्याच्या दारासमोर खुर्ची टाकून सांगत, 'वर नको, गळती काढायचं काम चाललंय.' वैजूच्या लग्नानंतर जावयालाही त्यांनी हेच सांगितलं, आणि वैजूने त्यांच्यासमोरून नवऱ्याला हाताला धरून वर नेलं.

'अहो, ती ऐकते,' त्यांच्या बायको निर्मलाताई म्हणायच्या.

'ऐकू दे,' सर म्हणायचे.

भुरीला मात्र माणसांचं भारी वेड. दुसऱ्यांच्या आकाशगंगा आब राखून वर थांबतात. ही कुणाची चाहूल लागली की खाली येऊन तोंडाजवळ घोटाळायची, केसांत उजेडाचा चुरा सांडायची. आणि तिच्यात नवे तारे सारखे जन्मायचे, निळे, टवटवीत, कुठेही. निर्मलाताई धुणं काढायला गेल्या की एखादा नवीन तारा त्यांना दाखवल्याशिवाय ती जाऊ द्यायची नाही.

सर निवृत्तीला आले आणि गुरुजन गौरव समितीच्या मगदूम साहेबांचा फोन आला. या वर्षीच्या आदर्श शिक्षकासाठी सरांचं नाव पक्कं होत आलं होतं. फक्त छत बघायचं राहिलं होतं. ज्याचं छत नीट नाही तो वर्ग काय नीट ठेवणार, असं समितीचं मत होतं, आणि आजवर कुणी त्याला हरकत घेतली नव्हती. सरांनी फोन ठेवला आणि निर्मलाताईंना सांगितलं.

'आहे तशी दाखवा,' निर्मलाताई म्हणाल्या. 'नसेल द्यायची शाल तर नाही देणार.'

'शालीचा प्रश्न नाही.'

'मग कशाचा आहे?'

इतकी वर्षं सरांनी पोरांचे कागद दोन बोटांत धरले होते. आता गावासमोर आपला कागद कुणी तसा धरेल, या कल्पनेनेच त्यांचे कान गरम झाले.

ते सुमनकाकूंकडे गेले. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात त्यांना बोलायलाही जमेना, तेव्हा काकूंनी गिरणी बंद केली. सरांनी अडखळत सांगितलं, समिती येऊन जाईपर्यंत भुरीला तुमच्या छतावर ठेवून घ्याल का. भुरीला पाण्याचा लळा होता. घमेलंभर पाणी ठेवलं की ती त्यावर ओणवून बसायची.

काकूंनी हातावरचं पीठ झटकलं. 'ठेवते की. पण सर, ती येईल, राहील का?'

'थोडाच वेळ.'

'बरं,' काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सरांकडे न बघता गिरणी पुन्हा सुरू केली.

समिती दिवेलागणीला आली. मगदूम साहेब म्हणजे पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, प्रत्येक शब्द तपासून बोलणार. त्यांच्याबरोबर सदस्या आवटीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. निर्मलाताईंनी सरबत दिलं आणि त्या आत गेल्या. सर पाहुण्यांना घेऊन वर गेले. छत झाडून लख्ख केलेलं, वर कोरं आकाश. शेजारच्या छतावर काकू घमेलं घेऊन उभ्या होत्या आणि घमेल्यावर भुरी ओणवली होती.

'तुमची कुठे दिसत नाही, तेरदाळे?' मगदूम साहेबांनी विचारलं.

'बहिणीकडे गेली आहे,' सर म्हणाले. 'भाच्याचं लग्न आहे. छत भरलेलं दिसावं म्हणून बोलावली.'

'असं पाठवतात,' आवटीबाई म्हणाल्या. 'आमची मागच्या वर्षी गेली होती. प्रकार कोणता?'

'सर्पिल.'

हे खोटं बोलणं सरांना वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. मगदूम साहेबांनी पुरावा नाही का म्हणून विचारलं, अगदी सौम्यपणे, कारण विचारणं हे त्यांचं कामच होतं. तेव्हा सरांनी खडू घेतला. चित्रकलेच्या परीक्षेत स्मरणचित्र म्हणून एक प्रश्न असतो. पाहिलेली गोष्ट समोर नसताना आठवणीने काढायची. सरांनी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर एका दमात सर्पिल आकाशगंगा काढली. गाभा मधोमध, दोन्ही भुजा काटेकोर सारख्या, शेवटच्या वळणावर अगदी विरत गेलेल्या. जी त्यांच्याकडे कधी नव्हती तिचं स्मरणचित्र इतकं सुरेख आलं की आवटीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

'डोळ्यांसमोर असल्याशिवाय असं येत नाही,' त्या म्हणाल्या.

'येत नाही,' मगदूम साहेबांनी दुजोरा दिला.

आणि तेवढ्यात भुरीने घमेलं सोडलं. नवी माणसं आली आहेत, हसण्याबोलण्याचे आवाज येताहेत, तिला राहवेना. काकू 'अगं, अगं' करेपर्यंत ती कठडा ओलांडून आली आणि मगदूम साहेबांच्या टोपीवर ओघळली. मग आवटीबाईंच्या खांद्यावर. मग सरांच्या तोंडासमोर येऊन थांबली. नुकताच जन्मलेला एक निळा तारा ती त्यांना दाखवत होती.

मगदूम साहेबांनी टोपी झटकली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शिस्तीच्या माणसाला पसारा बघून होतं तेवढंच झालं होतं.

'ही कुणाची?' त्यांनी विचारलं.

सरांना रीत ठाऊक होती. छतावर उभं राहून विचारलेला प्रश्न आहे हेही कळलं. तरी त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले.

'आमची नाही. शेजारच्यांची आहे. इकडे येते अधूनमधून.'

भुरी हलली नाही. मगदूम साहेब चोख माणूस. ते कठड्याशी गेले आणि पलीकडे उभ्या असलेल्या सुमनकाकूंना त्यांनी विचारलं, 'बाई, ही तुमची का?'

काकूंनी सरांकडे पाहिलं. सर खाली बघत होते. काकूंनी एवढंच ओळखलं की आपण नाही म्हटलं तर या माणसाला आज तोंड लपवायला जागा उरणार नाही.

'हो,' काकू म्हणाल्या. 'माझीच.'

भुरी सरांच्या तोंडासमोरून निघाली, कठड्यावरून पलीकडे गेली आणि काकूंच्या छतावर, डोक्यावर हातभर उंच, जाऊन थांबली. मगदूम साहेबांनी सरांशी हस्तांदोलन केलं. जिना उतरताना आवटीबाई म्हणाल्या की शेजार असा असला की त्रास होतो, पण तुम्ही सांभाळून घेता हे दिसलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तेरदाळ्यांच्या छतावर काही आलं नाही. निर्मलाताई वर जाऊन परत आल्या आणि भाजीच्या शेंगा, परात, पाट असं सगळं उचलून शेजारी निघाल्या.

'कुठे?' सरांनी विचारलं.

'शेंगा सोलायला,' त्या म्हणाल्या. 'आपल्या छतावर अंधारात दिसत नाही.'

त्या रोजच जाऊ लागल्या. सरांशी त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर सरांना निदान उत्तर तरी देता आलं असतं. वैजूचा पुण्याहून फोन आला. पुरस्कार मिळाल्याचं कळल्यावर तिने अभिनंदन केलं आणि म्हणाली, 'बाबा, फोन घेऊन वर जा ना, भुरीला बघायचंय.' सर म्हणाले, आभाळ आलंय. ती म्हणाली, आभाळाचा आणि तिचा काय संबंध. सरांनी रेंज गेल्यासारखं केलं आणि फोन उशीखाली सारला.

सुमनकाकू स्वतःच आल्या. दारातच उभ्या राहिल्या, अंगावर पीठ तसंच.

'सर, मी काल छतावर उभं राहून म्हटलं, ही तेरदाळ्यांची. मोठ्याने म्हटलं. ती जागची हलत नाही.'

'तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? चूक माझी.'

'वाईट नाही वाटत, तेच तर सांगायला आले.' काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. 'मी तुमची लाज राखायला बोलले, हे खरं. पण 'माझीच' म्हणताना आतून बरं वाटलं. इतकी वर्षं वर काही नव्हतं. त्याची शरम वाटते मला. दुसऱ्याचं लेकरू काखोटीला मारल्यासारखं झालंय.'

सरांना त्यांच्याकडे बघवेना. एका खोट्यापायी एका चांगल्या बाईला कारण नसताना ओशाळं व्हावं लागलं होतं, आणि ती त्यांच्याच दारात उभी राहून माफी मागत होती. सर त्याच पावली मगदूम साहेबांकडे गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बसायला सांगितलं, चहा मागवला.

'नाकारलेली आकाशगंगा परत घेण्याची तरतूद नाही,' ते म्हणाले.

'का नाही?'

'आजवर कुणी मागितली नाही. मागणी आली असती तर तरतूद झाली असती.'

'मी मागतो आहे.'

'तेरदाळे, तुमची सर्पिल आहे ना? बहिणीकडून परत आली का?'

'साहेब, तेच तर सांगतो आहे. ती नाहीच. हीच माझी.'

मगदूम साहेबांनी बशीत चहा ओतला. मग त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसायला लागलं, आणि ते बघून सरांना धडकी भरली. 'शेजारणीला गावात कमीपणा येऊ नये म्हणून तुम्ही हे करताय,' साहेब म्हणाले. 'समजलो मी. काळजी करू नका, हे मी मनात ठेवीन.'

त्यांनी ते मनात ठेवलं नाही. सत्काराच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र वाचून झालं. टाकीच्या भिंतीवरच्या त्या चित्राचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून समितीने शाळेला भेट दिला. यापुढे परीक्षेला बसणाऱ्या मुलांना स्मरणचित्राचा नमुना म्हणून तो वर्गात लावायचा होता. मग सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. पुढच्या रांगेत निर्मलाताई होत्या, त्यांच्या शेजारी सुमनकाकू, आणि पुण्याहून मुद्दाम आलेली वैजू.

सर माइकपाशी गेले.

'काकूंच्या छतावर जी अनियमित आकाशगंगा आहे ती माझी आहे,' ते म्हणाले. 'मी समितीपुढे खोटं बोललो. सर्पिल माझ्याकडे कधी नव्हती. ते चित्र स्मरणातलं नाही. मला तिची लाज वाटत होती. म्हणून मी तिला नाही म्हटलं.'

सरांना वाटलं, सुटलो. आता कुणीतरी उठेल, शाल काढून घेईल, चार शब्द सुनावेल, आणि आपण घरी जाऊ.

मगदूम साहेब उठले, पण त्यांनी सरांच्या हातातला माइक तेवढा घेतला. 'पाहा,' ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जड झाला होता. 'दुसऱ्याच्या वाट्याला आलेलं कमीपण हा माणूस स्वतःच्या नावावर घेतोय. घरी सर्पिल असून. आदर्श आणखी वेगळा काय असतो?'

टाळ्या सुरू झाल्या. सर हात हलवून नाही नाही म्हणत होते, त्याने त्या वाढल्या. सुमनकाकू उभ्या राहून म्हणाल्या, 'ते खरं सांगतायत, त्यांचीच आहे ती,' तर लोकांनी काकूंसाठीही टाळ्या वाजवल्या. आवटीबाई डोळे टिपत होत्या. वैजू तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग असता तर सरांना बरं वाटलं असतं.

घरी येताना ती रस्त्यात फक्त एकदा बोलली. 'मला वाटायचं, तुम्हाला ती दिसतच नाही नीट,' ती म्हणाली. 'तुम्ही वर यायचाच नाहीत म्हणून.'

दिवेलागण झाली होती. मायलेकी कपडेही न बदलता शेजारी वर गेल्या. सरांनी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, थोडा वेळ घरात इकडून तिकडे फिरले, आणि मग तेही गिरणीचा जिना चढले. पायऱ्यांवर पीठ बसलेलं होतं. सभागृहात बोललेलं छतावर लागू होत नाही हे त्यांना उमगलं होतं. छतावर जाऊन, परक्याच्या छतावर का होईना, तिच्या समोर म्हणायचं होतं. परत येणं न येणं तिच्या मर्जीवर. निदान तिने ऐकावं, एवढंच.

ते वर पोचले तेव्हा भुरी छतभर अस्ताव्यस्त पसरली होती. अर्धी वैजूच्या मांडीवर, अर्धी निर्मलाताईंच्या परातीत, चार तारे कपड्यांच्या दोरीवर, एक नवा, निळा, कठड्यावर एकटाच. काकू पाटावर बसून हसत होत्या. भुरीला इतकं मोकळं सरांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना दिसलं की ती सुंदर आहे, आणि ते दिसल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात भुरीला त्यांची चाहूल लागली.

ती थबकली. मग तिने परातीतून, मांडीवरून, दोरीवरून सगळं भराभर गोळा केलं. मधे दाबून दाबून एक गाभा केला. त्यातून एक भुजा काढली, मग दुसरी. दुसरी आखूड पडली तेव्हा पहिलीतले काही तारे काढून तिकडे नेले. सरांनी आपल्या टाकीच्या भिंतीवर काढली होती ना, अगदी तशी. सगळे तारे जागच्या जागी थरथरत होते.

'अशी कधीच करत नाही हो,' काकू हळूच म्हणाल्या.

'राहू दे गं,' सर म्हणाले. 'भुरी, राहू दे. ही आमची आहे. मी खोटं बोललो. तू जशी आहेस तशी आमचीच आहेस.'

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. त्यामुळे तिने अंग आणखी चोरलं. कठड्यावरचा निळा तारा कुठल्याच भुजेत बसेना. तिने तो अलगद उचलला, सरांना दिसणार नाही अशा बेताने, आणि काकूंच्या पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवला. मग परत येऊन तशीच ताठ उभी राहिली.

सर आणखी काही बोलणार होते. पण तिचा गाभा आता सुटत चालला होता आणि ती तो सावरत होती. ते जेवढा वेळ उभे राहतील तेवढा वेळ ती तशीच थांबणार होती. वैजूने त्यांच्याकडे पाहिलं. ते मागे वळले आणि जिना उतरायला लागले.

जिन्याच्या मध्यावर आले तेव्हा वरून काकूंचा आवाज ऐकू आला. 'हां, सुटली. आता कशी पसरली बघ बाई.' मग निर्मलाताईंचं हसू आलं, आणि वैजू कुणाला तरी म्हणाली, टाकीमागचा आण की.

सर तिथेच पिठाच्या पायरीवर बसले. वर गेले असते तर तिला पुन्हा आवरून घ्यावं लागलं असतं.